‘पेर्फिदिस’: एका लॅटिन विशेषणाचा इतिहास

लॅटिन भाषेतील गुड फ्रायडेचा विधी ज्यांनी लहानपणी पाहिला, अशी माणसे आज ऐंशीच्या घरात आहेत. त्या लांबलचक विधीतील विश्वप्रार्थना त्यांच्यापैकी काहींना अजून आठवतात. ख्रिस्तसभेसाठी, पोप महाशयांसाठी, धर्मगुरूंसाठी व सर्व श्रद्धावंतांसाठी, बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्यांसाठी, आजारी व बंदिवान यांच्यासाठी, पाखंडी ठरलेल्यांसाठी, मूर्तिपूजकांसाठी अशी एकेक प्रार्थना गाईली जाई. प्रत्येक प्रार्थनेपूर्वी ‘फ्लेक्तामुस जेनुआ’, म्हणजे ‘आपण गुडघे टेकू या’, अशी हाक येई. सारे देऊळ खाली वाके, आणि ‘लेवाते’ हा शब्द ऐकताच पुन्हा उभे राही. या मालिकेत एकच प्रार्थना अशी होती, की तिच्यापूर्वी ही हाक येत नसे आणि कोणी गुडघे टेकत नसे. ती प्रार्थना यहुदी लोकांसाठी होती. तिचे आरंभीचे शब्द होते ‘प्रो पेर्फिदिस युदेइस’.

या तीन शब्दांपैकी पहिल्याचा अर्थ ‘साठी’ व तिसऱ्याचा ‘यहुदी’ असा सरळ आहे. वाद झाला तो मधल्या शब्दाचा. एका विशेषणाचा अर्थ काय, या प्रश्नावर विद्वानांनी लेख लिहिले, रोममधील कार्यालयांनी निवाडे दिले, एक संघटना विसर्जित झाली आणि अखेर एका पोप महाशयांनी तो शब्दच काढून टाकला. शब्दाचा अर्थ शब्दकोशात असतो, की तो उच्चारणाऱ्याच्या मनात असतो, की ज्याला उद्देशून तो उच्चारला जातो त्याच्या कानात असतो, हा प्रश्न या इतिहासाच्या मुळाशी आहे. आमच्या मते तो केवळ व्याकरणाचा प्रश्न नाही. म्हणूनच या विशेषणाची कथा आम्ही येथे मांडत आहोत.

शब्दाची घडण

मराठीत आपण ‘चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगले मूल’ असे म्हणतो. विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे रूप पालटते. लॅटिनमध्येही तसेच होते. पुल्लिंगी ‘पेर्फिदुस’, स्त्रीलिंगी ‘पेर्फिदा’, नपुंसकलिंगी ‘पेर्फिदुम’. संबोधनात पुल्लिंगी रूप ‘पेर्फिदे’ होते. यावरून साधलेले भाववाचक नाम म्हणजे ‘पेर्फिदिया’. ‘प्रो’ या शब्दयोगी अव्ययापुढे येणाऱ्या विभक्तीत अनेकवचनी रूप होते ते ‘पेर्फिदिस’. हे रूप तिन्ही लिंगांत एकच आहे. प्रार्थनेत ते आले तेव्हा पुरुष, स्त्रिया, वृद्ध आणि मुले, सारे त्या एका रूपात सामावले गेले.

लॅटिनमध्ये ‘अमुक’ व ‘एखादा’ असा भेद दाखविणारी उपपदे नाहीत. त्यामुळे ‘पेर्फिदिस युदेइस’ याचा अर्थ ‘यहुद्यांपैकी जे पेर्फिदुस आहेत त्यांच्यासाठी’ असा करावा, की ‘यहुदी, जे पेर्फिदुसच असतात, त्यांच्यासाठी’ असा करावा, हे व्याकरण सांगत नाही. पहिल्या अर्थी विशेषण काही माणसांना वेगळे काढते. दुसऱ्या अर्थी ते साऱ्या लोकसमूहाच्या कपाळी बसते. शतकानुशतके ऐकणाऱ्यांनी दुसराच अर्थ घेतला.

शब्दाचे मूळ आहे ‘फिदेस’. फिदेस म्हणजे दिलेला शब्द, त्यावर ठेवलेला भरवसा आणि तो पाळण्याची निष्ठा. प्राचीन रोमन लोकांनी फिदेसला देवता मानून कॅपिटोल टेकडीवर तिचे मंदिर बांधले होते. ‘फिदुस’ आणि ‘फिदेलिस’ म्हणजे विश्वासू, निष्ठावंत. गोव्याकडे ‘फिडेलिस’ नावाची माणसे भेटतात आणि नाताळात आपण ‘आदेस्ते फिदेलेस’ हे गीत गातो. तो हाच शब्द. ‘पेर’ हा उपसर्ग बहुधा ‘पूर्णपणे’ असा अर्थ देतो, परंतु काही शब्दांत तो ‘वाट सोडून पलीकडे’ असा उलटा अर्थ आणतो. खोटी शपथ वाहणारा तो ‘पेर्युरुस’. तसाच फिदेस मोडून पलीकडे गेलेला तो ‘पेर्फिदुस’.

प्राचीन लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ निःसंदिग्धपणे ‘विश्वासघातकी’ असा आहे. व्हर्जिलच्या महाकाव्यात चौथ्या सर्गात राणी दिदो आपल्याला टाकून गुपचूप निघालेल्या एनियासला ‘पेर्फिदे’ अशी हाक मारते. येथे श्रद्धा-अश्रद्धेचा प्रश्न नाही. दगा दिल्याचा आरोप आहे. रोमन लोक हा शब्द आपल्या शत्रूंनाही लावीत. कार्थेज नगरीच्या लोकांचे इमान म्हणजे बेइमानी, असा वाक्प्रचारच त्यांच्यात रूढ होता, आणि इतिहासकार लिव्हीने हॅनिबलच्या दुर्गुणांत त्याच्या ‘पेर्फिदिया’ची गणना केली. एका व्यक्तीच्या कृत्याचे वर्णन करणारा शब्द साऱ्या लोकसमूहाला चिकटविण्याची सवय अशी ख्रिस्तपूर्व काळापासूनची आहे.

दोन अर्थ

ख्रिस्ती धर्म लॅटिन भाषेत आला तेव्हा नव्या करारातील ‘पिस्तिस’ या ग्रीक शब्दासाठी, म्हणजे देवावरील श्रद्धेसाठी, ‘फिदेस’ हाच शब्द योजला गेला. बाप्तिस्मा घेतलेले ते ‘फिदेलेस’, श्रद्धावंत. फिदेसचा अर्थ असा पालटल्यावर तिच्या विरुद्धार्थी शब्दाचाही पालटणे ओघानेच आले. संत सिप्रियन हे तिसऱ्या शतकातील धर्माध्यक्ष. ज्या कार्थेजच्या लोकांना रोमन एके काळी बेइमान म्हणत, त्याच नगरीचे. ते ‘पेर्फिदिया’ हा शब्द खऱ्या श्रद्धेपासून ढळण्याच्या अर्थाने वापरतात. चौथ्या शतकात मिलानचे संत अँब्रोज एरियसच्या अनुयायांविषयी तोच शब्द योजतात. तेव्हा ‘पेर्फिदुस’ म्हणजे ‘ज्याच्याकडे खरी श्रद्धा नाही असा’ हाही अर्थ लॅटिनमध्ये रुळला. जुना अर्थ मात्र गेला नाही. एकाच शब्दाच्या पोटात दोन्ही अर्थ शेजारी शेजारी राहिले.

मराठी वाचकाला हे समजणे कठीण नाही, कारण आपल्या भाषेतही असेच घडले आहे. ‘इमान’ हा मूळचा अरबी शब्द. त्याचा अर्थ देवावरील श्रद्धा. मराठीत तो रुळला तो एकनिष्ठेच्या अर्थाने. आपण कुत्र्यालाही इमानी म्हणतो. आता ‘बेइमान’ हा शब्द घ्या. व्युत्पत्तीने त्याचा अर्थ ‘श्रद्धाहीन’ एवढाच होईल. परंतु कोणी आपल्याला भर बाजारात बेइमान म्हटले आणि मागाहून खुलासा केला, की ‘अहो, रागावता कशाला? मूळ अरबीप्रमाणे मी तुम्हांला केवळ श्रद्धाहीन म्हटले’, तर तो खुलासा आपल्याला पटेल काय? ‘विश्वास’ या आपल्या शब्दाचीही तीच गत आहे. ‘विश्वास न ठेवणारा’ आणि ‘विश्वासघातकी’ यांत एकच मूळ शब्द आहे, पण पहिल्याशी आपण वाद घालतो आणि दुसऱ्याला दारात उभे करीत नाही.

गुड फ्रायडेची ही प्रार्थना फार जुनी आहे. आठव्या शतकाच्या मध्यास लिहिलेल्या गेलासियन उपासनाग्रंथाच्या हस्तलिखितात ती आढळते. तिच्यात ‘पेर्फिदिस’ हे विशेषण एकदा आणि ‘पेर्फिदिया’ हे नाम एकदा येते. यहुदी लोकांच्या अंतःकरणावरील पडदा दूर व्हावा आणि त्यांनी प्रभू येशूला ओळखावे, अशी तिची मागणी. पडद्याची उपमा संत पौलाच्या करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातील आहे. मात्र रोमकरांना लिहिलेल्या पत्रात संत पौल इस्राएलच्या अविश्वासाविषयी बोलतो, तेथे लॅटिन बायबलने ‘इन्क्रेदुलितास’ असा शब्द योजला आहे. त्यात ‘न मानणे’ एवढाच अर्थ आहे. दगाबाजीचा वास नाही. सौम्य शब्द भाषेत उपलब्ध होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

त्या जुन्या ग्रंथाप्रमाणे या प्रार्थनेपूर्वीही गुडघे टेकले जात. नवव्या शतकापर्यंत ती प्रथा मोडली होती. मेट्झचे अमालारियस यांनी तिचे कारण असे दिले, की यहुद्यांनी येशूपुढे थट्टेने गुडघे टेकले, म्हणून आपण त्यांच्यासाठी टेकू नयेत. आता शुभवर्तमान उघडून पाहावे. काट्यांचा मुकुट घालून येशूपुढे थट्टेने गुडघे टेकणारे, मत्तय व मार्क यांच्या साक्षीप्रमाणे, रोमन सुभेदाराचे सैनिक होते. एका रोमन कृत्याचा दोष यहुद्यांच्या माथी मारला गेला, आणि ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची त्यांच्यासाठीच गुडघे ताठ ठेवण्याची रीत हजार वर्षांहून अधिक काळ चालली.

शब्द रस्त्यावर येतो तेव्हा

विद्वान अर्थाचे पापुद्रे वेगळे करू शकतात; परंतु उपासनेतील शब्द देवळाबाहेर पडला, की तो जमावाच्या हाती जातो. मध्ययुगीन युरोपात पवित्र सप्ताह हा यहुद्यांसाठी भीतीचा काळ होता. फ्रान्समधील बेझिए गावात झावळ्यांच्या रविवारपासून ईस्टरपर्यंत यहुद्यांच्या घरांवर दगड मारण्याची चाल होती. ११६० साली तेथील धर्माध्यक्षांनी पैसे घेऊन ती बंद केली. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने प्रभूच्या दुःखसहनाच्या दिवसांत यहुद्यांनी घराबाहेर पडू नये असा नियम केला. त्याच परिषदेने यहुदी सावकारांच्या व्याजाविषयी ठराव केला, त्यात ‘यहुद्यांची पेर्फिदिया’ असे शब्द आहेत. व्याजाच्या व्यवहारात येशूवरील श्रद्धेचा प्रश्न येतो कोठे? तेथे अर्थ लबाडी हाच आहे. म्हणजे उपासनेत ‘श्रद्धाहीन’ या अर्थी आलेला शब्द आणि व्यवहारात ‘दगाबाज’ या अर्थी आलेला शब्द एकाच समाजाला उद्देशून, एकाच भाषेत, एकाच ख्रिस्तसभेच्या मुखातून निघत होता. सामान्य माणसाने त्यांत भेद करावा अशी अपेक्षा कशी करायची?

याची दुसरी बाजूही न्यायाने सांगितली पाहिजे. पोप संत ग्रेगरी महान यांच्या लेखनात यहुद्यांविषयी ‘पेर्फिदिया’ हा शब्द येतो. परंतु ५९८ साली पालेर्मोच्या यहुद्यांची प्रार्थनामंदिरे बळकावली गेल्याची तक्रार आली तेव्हा त्यांनी यहुद्यांची बाजू घेतली आणि कायद्याने त्यांना जे दिले आहे त्यात कोणी ढवळाढवळ करू नये असे बजावले. पुढील काळातील अनेक पोप महाशयांनी यहुद्यांना दिलेली संरक्षणपत्रे त्याच पत्राच्या आरंभीच्या शब्दांनी ओळखली जातात. तथापि संरक्षणपत्र क्वचित कोणी वाचत असे. गुड फ्रायडेची प्रार्थना मात्र दरवर्षी गावोगाव गाईली जाई.

पोर्तुगालमध्ये या विशेषणाच्या दोन अर्थांची एक भयंकर गाठ पडली. १४९७ साली राजा मानुएल याने आपल्या राज्यातील यहुद्यांना बळजबरीने बाप्तिस्मा दिला. जो काल केवळ श्रद्धाहीन होता, तो आज कायद्याने ख्रिस्ती झाला. आणि घरात त्याने शब्बाथाचा दिवा लावला, तर तो आता श्रद्धेचा घात करणारा ठरला. बळजबरीने एका अर्थाचे दुसऱ्या अर्थात रूपांतर केले. १५०६ साली ईस्टरच्या सुमारास लिस्बनमध्ये या ‘नवख्रिस्ती’ लोकांची भीषण कत्तल झाली.

हीच गाठ आपल्या किनाऱ्यालाही येऊन लागली. १५३४ साली, ज्या वर्षी वसईचा तह झाला, त्याच वर्षी गार्सिया द ओर्ता नावाचे वैद्य गोव्यास आले. त्यांचे आईवडील स्पेनमधून हाकलले गेलेले आणि पोर्तुगालात बाप्तिस्मा लादला गेलेले यहुदी होते. मुंबई बेट पुढे त्यांना भाडेपट्ट्याने मिळाले होते. भारतातील औषधी वनस्पतींवरील त्यांचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यात आपल्या मुंबई बेटावरील आंब्याचा उल्लेखही ते करतात. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन सुरू झाले. ओर्ता १५६८ साली वारले. दुसऱ्याच वर्षी त्यांची बहीण कातारिना हिला यहुदी धर्म गुप्तपणे पाळल्याच्या आरोपावरून गोव्यात जाळण्यात आले, आणि १५८० साली ओर्तांची हाडेही उकरून जाळण्यात आली. मेलेल्या माणसालाही ‘पेर्फिदुस’ ठरविता येते, याचे याहून स्पष्ट उदाहरण आम्हांला ठाऊक नाही.

रोममधील वाद

विसाव्या शतकाच्या आरंभी श्रद्धावंतांच्या हाती द्विभाषिक उपासनाग्रंथ आले. एका बाजूस लॅटिन, दुसऱ्या बाजूस त्यांची स्वतःची भाषा. त्यामुळे जे इतके दिवस लॅटिनमध्ये झाकलेले होते ते उघड झाले. फ्रेंच, इटालियन व इंग्लिश भाषांत या विशेषणाचे वंशज होतेच, आणि भाषांतरकारांनी पुष्कळदा तेच वापरले. परंतु त्या भाषांत ‘श्रद्धाहीन’ हा अर्थ उरलेला नव्हता. ‘दगाबाज’ एवढाच होता. फ्रेंच लोक इंग्लंडला चिडून हेच विशेषण लावीत.

१९२६ साली रोममध्ये ‘इस्राएलचे मित्र’ या अर्थाच्या लॅटिन नावाची धर्मगुरूंची संघटना स्थापन झाली. यहुदी घराण्यात जन्मलेल्या आणि कॅथलिक झालेल्या डच महिला फ्रान्सिस्का व्हॅन लीर यांचा तिच्यामागे पुढाकार होता. दोन वर्षांत १९ कार्डिनल, दोनशेहून अधिक धर्माध्यक्ष व सुमारे ३,००० धर्मगुरू तिचे सभासद झाले. १९२८ सालच्या आरंभी संघटनेने विनंती केली, की प्रार्थनेतील ‘पेर्फिदिस’ व ‘पेर्फिदिया’ हे शब्द काढावेत आणि गुडघे टेकण्याची रीत पुन्हा आणावी. उपासनेचे जाणकार बेनेडिक्टाइन मठाधिपती शुस्टर, जे पुढे मिलानचे कार्डिनल झाले, त्यांनी अनुकूल मत दिले. परंतु धर्मसिद्धान्तांचे रक्षण करणाऱ्या कार्यालयाने, ज्याचे प्रमुख कार्डिनल मेरी देल व्हाल होते, विनंती फेटाळली. इतक्या प्राचीन प्रार्थनेत बदल करणे त्यांना मान्य नव्हते. २५ मार्च १९२८ रोजी पोप अकरावे पायस यांच्या संमतीने संघटनाच विसर्जित करण्यात आली. त्याच आदेशात यहुदीद्वेषाचा स्पष्ट निषेधही होता. द्वेष निषिद्ध ठरला आणि विशेषण कायम राहिले.

१९३६ साली एरिक पीटरसन या विद्वानाने ख्रिस्ती लॅटिनमधील आधार देऊन दाखवून दिले, की प्रार्थनेतील शब्दाचा मूळ अर्थ ‘श्रद्धाहीन’ हाच होता. विद्वत्तेच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे मोलाचे होते. पण पुढील नऊ वर्षांत युरोपात सुमारे साठ लाख यहुदी मारले गेले. मारणारे या प्रार्थनेमुळे मारीत होते असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. त्यांची विचारसरणी वंशद्वेषाची होती आणि ख्रिस्तसभेचेही तिला वावडे होते. तरी शेजारच्या यहुद्याला नेताना पाहून जे ख्रिस्ती गप्प राहिले, त्यांच्या कानांत लहानपणापासून कोणते विशेषण पडले होते, हा प्रश्न युद्धानंतर टाळता येण्याजोगा राहिला नाही.

तो प्रश्न ज्यांनी अत्यंत संयमाने विचारला, ते ज्यूल इझाक हे फ्रेंच इतिहासकार. फ्रान्समधील शाळांतून मुलांच्या पिढ्या त्यांची इतिहासाची पाठ्यपुस्तके वाचून वाढल्या होत्या. १९४३ साली त्यांची पत्नी व मुलगी यांना पकडून ऑशविट्झला नेण्यात आले. त्या परतल्या नाहीत. बंदीछावणीतून पत्नीने चिठ्ठी पाठविली, ती हाती घेतलेले काम पुरे करण्याविषयी. ते काम म्हणजे ‘येशू आणि इस्राएल’ हा ग्रंथ. तो १९४८ साली प्रसिद्ध झाला. ख्रिस्ती शिकवणुकीत यहुद्यांविषयीचा तिरस्कार कसा भिनला, याची त्यांनी पानोपानी छाननी केली.

त्याच वर्षी, १० जून १९४८ रोजी, उपासनाविधींच्या रोममधील कार्यालयाने या विशेषणावर खुलासा प्रसिद्ध केला: लोकभाषांतील भाषांतरांत ‘श्रद्धा न ठेवणारे’ अशा अर्थाचे शब्द योजण्यास हरकत नाही. म्हणजे भाषांतराला मुभा मिळाली. मूळ लॅटिन तसेच राहिले. १९४९ साली इझाक यांनी पोप बारावे पायस यांची भेट घेऊन प्रार्थनेचा आणि गुडघ्यांचा विषय त्यांच्या कानी घातला. १९५५ साली पवित्र सप्ताहाच्या विधींची सुधारणा झाली आणि पुढील वर्षापासून या प्रार्थनेपूर्वीही गुडघे टेकले जाऊ लागले. शरीर नम्र झाले. शब्द अजून उभाच होता.

तो काढला पोप तेविसावे जॉन यांनी. युद्धकाळात तुर्कस्तानात पोप महाशयांचे प्रतिनिधी असताना त्यांनी अनेक यहुद्यांना निसटून जाण्यास साहाय्य केले होते. २७ मार्च १९५९ रोजी, त्यांच्या पदग्रहणानंतरच्या पहिल्याच गुड फ्रायडेला, रोममध्ये ही प्रार्थना त्या विशेषणाविना म्हटली गेली, आणि त्याच वर्षी हा बदल साऱ्या ख्रिस्तसभेला लागू झाला. त्यासाठी प्रबंध लिहिला गेला नाही. ‘पेर्फिदिस’ गेले, ‘पेर्फिदिया’च्या जागी नुसते ‘यहुदी’ आले. १९६३ सालच्या गुड फ्रायडेला जुना शब्द सवयीने उच्चारला गेला, तेव्हा पोप महाशयांनी प्रार्थना नव्या रूपात पुन्हा म्हणावयास लावली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच ते देवाघरी गेले.

१३ जून १९६० रोजी ब्याऐंशी वर्षांचे इझाक त्यांना भेटले होते. आपण काही आशा घेऊन जावे काय, असे त्यांनी विचारले. आशेहून अधिक मिळण्याचा तुम्हांला हक्क आहे, अशा आशयाचे उत्तर त्यांना मिळाले. या भेटीतून सुरू झालेले काम दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेच्या ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्रापर्यंत पोहोचले. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ते २,२२१ विरुद्ध ८८ मतांनी संमत झाले. येशूच्या मृत्यूचा दोष तेव्हाच्या सर्व यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर लादता येत नाही, असे ख्रिस्तसभेने त्यात स्पष्ट सांगितले. इझाक मात्र १९६३ सालीच निवर्तले होते.

आपल्या भाषेपुरते

आपल्या कोकणातील पूर्वजांनी पोर्तुगीज अमलापासून ही प्रार्थना लॅटिनमध्ये ऐकली. तिचा अर्थ बहुतेकांना कळत नव्हता. त्याच कोकणात, आजच्या रायगड जिल्ह्यात, गावोगाव बेने इस्राएल राहत होते. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांची आडनावे किहीमकर, पेणकर, नवगावकर, भाषा मराठी, कीर्तनेही मराठीत. या शेजाऱ्यांचा आणि ‘युदेइस’ या लॅटिन शब्दाचा संबंध आपल्या पूर्वजांनी कधी जोडला असेल असे वाटत नाही. न कळण्याचाही एखादे वेळी उपकार होतो, असे म्हणावे लागते.

विश्वपरिषदेनंतर आपल्या देवळांत मराठी उपासना रुजू लागली, तेव्हा हा शब्द मूळ ग्रंथातूनच गेलेला होता. मराठीतील मिस्साग्रंथाच्या भाषांतरकारांवर ‘पेर्फिदिस’ला प्रतिशब्द शोधण्याची वेळ आली नाही. शनवार तेल्यांना ‘विश्वासघातकी’ म्हणणारी प्रार्थना मराठीत कधी म्हटलीच गेली नाही. हे आपले कर्तृत्व नव्हे. इतरांनी केलेल्या प्रायश्चित्ताचे हे फळ आपल्याला आयते मिळाले, आणि त्याची जाणीव ठेवणे हे आपले कर्तव्य आहे.

१९७० सालच्या रोमन मिस्साग्रंथात ही प्रार्थना पूर्णतः नव्याने लिहिली गेली. यहुदी लोक म्हणजे ज्यांच्याशी प्रभू देव प्रथम बोलला ते लोक; त्यांनी देवाच्या नामाच्या प्रेमात आणि त्याच्या करारावरील निष्ठेत वाढत जावे, अशी तिची मागणी आहे. या ‘निष्ठे’साठी मूळ लॅटिनमध्ये जो शब्द आहे, तो ‘फिदेलितास’. जुन्या विधीला धरून राहिलेल्यांसाठी सोळावे बेनेडिक्ट यांनी २००८ साली वेगळी प्रार्थना दिली. यहुद्यांनी येशूला ओळखावे ही मागणी तिच्यात असल्याने तिच्यावर चर्चा झाली, पण ‘पेर्फिदिस’ तिच्यातही परतले नाही.

धातू तोच राहिला. ‘पेर्फिदिस’ आणि ‘फिदेलितास’ या दोहोंत ‘फिदेस’च आहे. ख्रिस्तसभेने शब्दकोश बदलला नाही. आपल्या शेजाऱ्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली, आणि तेव्हा त्याच मुळाला दुसरे पान फुटले. ज्याला आपण निष्ठा मोडणारा म्हणत होतो, त्याने आपल्याआधी देवाशी निष्ठा धरली होती आणि छळातही ती सोडली नव्हती. संत पौल रोमकरांना विचारतो, की काहींनी विश्वास ठेवला नाही म्हणून देवाची निष्ठा रद्द होईल काय? त्याचे उत्तर ‘कदापि नाही’ असे आहे.

पीटरसन यांचा अर्थ खोटा नव्हता. प्रार्थना रचणाऱ्याच्या मनात दगाबाजीचा आरोप नसेलही. परंतु प्रार्थना ज्याच्यासाठी आहे त्याने ती दाराआडून ऐकली, तर त्याला भय वाटावे की धीर वाटावा, ही कसोटी व्युत्पत्तीहून मोठी आहे. आज आपल्या स्वतःच्या प्रार्थनांत, प्रवचनांत आणि घरातील बोलण्यात परधर्मीयांसाठी, दुसऱ्या पंथातील बांधवांसाठी, पाड्यावरच्या माणसांसाठी कोणती विशेषणे आपण सहज वापरतो, हे एकदा तपासून पाहावे. एक विशेषण काढण्यास ख्रिस्तसभेला हजार वर्षांहून अधिक काळ लागला. आपल्याला इतका वेळ मिळणार नाही. येत्या गुड फ्रायडेला विश्वप्रार्थना सुरू होतील आणि यहुदी बांधवांचे नाव घेतले जाईल, तेव्हा आपण सारे गुडघे टेकू. ते टेकताना एवढे स्मरण आपल्याबरोबर असावे.